लेक टीव्हीत आहे, पण दिसत नाही

निलंगा तालुक्यातून एका अंगणवाडी सेविकेचं पत्र आलंय. सहा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, शेवटच्या दोन ओळी समासात उभ्या. सगळं छापणं शक्य नाही, गाभा देते.

“माझी लेक २९ वर्षांची आहे. दहावीला ९४ टक्के होते. लातूरला क्लासला घातलं, सगळे म्हणाले डॉक्टर होणार. बारावीनंतर ती हट्टानं पुण्याला गेली, मीडियाचं शिकली आणि सहा वर्षं झाली, मुंबईत एका मराठी चॅनलमध्ये आहे. ईपी आहे म्हणते. म्हणजे काय ते मला आजवर नीट कळालं नाही. गल्लीतल्या बाया विचारतात, ‘कोणत्या सिरियलीत दिसती?’ दिसत नाही म्हटलं की एकमेकींकडं बघतात. दोन वर्षं झाली, येळवशीला (वेळ अमावास्येला) आली नाही. रात्री एक वाजता ‘आत्ता जेवले’ असा मेसेज येतो. कधी मध्येच फोन करून विचारते, ‘माय, ओटीत नेमकं काय काय घालतात गं?’ आणि ठेवून देते. आता म्हणते, वरची पोस्ट देणार आहेत, दोन सिरियली माझ्याकडं येतील. त्यातच लातूरचं एक स्थळ आलंय. मुलगा पुण्यात इंजिनिअर, माणसं चांगली, पण त्यांची अट आहे, टीव्ही लाईन सोडायची. तिचे वडील म्हणतात, बी.एड. करून घे, संस्थेत चिकटवू. मी तिला काय सांगू? ही नोकरी खरी आहे का? चाळिशीत कोण ठेवतं तिथं?”

ताई,

नोकरी खरी आहे. इतकी खरी की रोज संध्याकाळी सात ते दहा ती तुमच्याच घरात चालू असते.

मी उदगीरची. बावीस वर्षं मुंबईत याच धंद्यात काढली आणि आता परत लातुरात राहते. माझी माय जाईपर्यंत तिला मी नेमकं काय करते ते कळालं नव्हतं. कुणी विचारलं की ती सांगायची, “टीव्हीच्या हापिसात हाय.” मीही कधी बसून सांगितलं नाही. तुमचं पत्र वाचल्यावर ते आठवलं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. चहा ठेवून बसा.

ईपी म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. नावात प्रोड्यूसर असला तरी पैसे लावणारा निर्माता वेगळा. मालिका तयार करते ती प्रॉडक्शन कंपनी. लेखक, दिग्दर्शक, कलाकार, सेट, गाड्या, जेवणाचे डबे, सगळं त्यांचं. चॅनल त्यांच्याकडून मालिका करून घेतं, आणि चॅनलच्या बाजूनं त्या मालिकेसाठी जिची मान पकडली जाते, ती ईपी. पुढच्या आठवड्यात काय घडणार त्याची वन-लाइन येते, ती वाचून एकतर सोडायची नाहीतर अडवायची. मग पटकथा, मग संवाद. नवं पात्र घ्यायचं असेल तर चाळीस मुलींच्या ऑडिशन बघायच्या. कुणाला कोणती साडी, सासूच्या घरात फ्रिज असावा की नसावा, हेही तिच्याच टेबलावर येतं. भाग एडिट झाला की तो बघून “हा सीन लांबलाय, तो आधी घ्या” म्हणायचं. आणि प्रोमोवाल्यांशी भांडायचं, कारण महिनाभर जपलेलं गुपित ते तीस सेकंदांत फोडायला निघालेले असतात.

तुम्ही हिशोबाच्या रजिस्टरवाल्या बाई, म्हणून हिशोबच मांडते. अर्ध्या तासाचा भाग म्हणजे जाहिराती वजा करून साधारण २२ मिनिटं. आठवड्याला सहा भाग धरले तर १३२ मिनिटं. म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा. सिनेमावाले एक सिनेमा काढतात आणि पुढं दोन वर्षं त्याच्याच मुलाखती देतात. तुमच्या लेकीला सोमवारी दुसरा सुरू करायचा असतो. नव्या पोस्टवर दोन मालिका येणार म्हणजे आठवड्याला दोन.

येळवशीचं कोडंही यातच आहे. शूट होऊन, एडिट होऊन तयार ठेवलेले जे भाग शिल्लक असतात त्याला आमच्यात बँक म्हणतात. बँकेत आठ-दहा भाग असले की माणूस गावी येतो, भज्जी-उंडे खातो, कडब्याच्या कोपीत बसून फोटो काढतो. पण हिरोईनला डेंग्यू होतो, सेटवर पाणी शिरतं, लेखक अचानक फोन उचलायचा बंद होतो, आणि बँक खाली येते. मग सकाळी शूट केलेलं त्याच रात्री दाखवायची पाळी येते. रात्री एकचं “आत्ता जेवले” तिथून येतं, ताई. त्यात येळवस पडते डिसेंबर-जानेवारीत, नेमकी नव्या वर्षाच्या आणि संक्रांतीच्या विशेष भागांच्या घाईत. तुमच्या अख्ख्या जिल्ह्याला त्या दिवशी शेतात जायचं असतं, हे मुंबईत कुणाच्या कॅलेंडरात नाही. माझ्या बावीस वर्षांत मी सात येळवशी केल्या. मोजल्यात.

आता गुरुवार. ही एक गोष्ट तुम्हाला कळाली की तिचा निम्मा स्वभाव कळेल.

देशात टीव्ही असलेली घरं २३ कोटींच्या आसपास आणि रेटिंगचं मीटर लावलेली घरं साधारण ५८ हजार. हे आकडे केंद्र सरकारनंच २०२५ मध्ये सांगितलेत. मोजणी करणारी संस्था बार्क. चॅनलच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतं, आणि घरातल्या प्रत्येकानं आपापलं बटण दाबायचं असतं, म्हणजे आजी बघतेय की नातू ते कळतं. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. त्या दिवशी चॅनलच्या ऑफिसात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आकडा वाढला तर केक येतो. पडला तर मीटिंग लागते, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना ईपीकडं वळतात.

तुम्ही महिन्याला लेकरांची वजनं घेता. एखादं लेकरू मागच्या महिन्यापेक्षा तीनशे ग्रॅम कमी भरलं तर काट्यावर राग काढत नाही आणि लेकरावरही नाही. घरी जाता. जुलाब झाले होते का, आई ऊसतोडीला गेली होती का, ताटात काय पडतंय, ते बघता. तुमची लेक दर गुरुवारी हेच करते. आकडा पडला की मिनिट-मिनिटाचा आलेख उघडते. कोणत्या सीनला लोक उठून गेले? समोरच्या चॅनलवर त्या वेळी लग्न होतं का? की क्रिकेटची मॅच होती? आणि मग लेखकाला फोन करते. हे काम ती कुणाकडून शिकली असेल असं तुम्हाला वाटतं? मला तर एक अंदाज आहे.

याच बार्कनं २०१५ पासून खेड्यातली घरंही मोजणीत घेतली. त्याआधीची मोजणी शहरांपुरती होती, म्हणजे आपल्या वाड्या-तांड्यांवर काय बघतात ते मुंबईत कुणी विचारतही नव्हतं. गावं मोजायला लागले तसा गाव माहीत असलेल्या माणसाला भाव आला. तुमची लेक ज्या खुर्चीवर बसलीय ती थोडीफार त्यामुळंही रुंद झालीय.

पण खुर्ची मिळाली म्हणून कान मिळत नाही. माझीच एक गोष्ट सांगते. एका मालिकेत एक सासू होती, लातूरकडची दाखवलेली. संवाद आले तर बाई बोलतेय “ती काय करतीया” आणि “येतूया की”. ही भाषा कोल्हापूर-साताऱ्याकडची, चांगलीच आहे, पण औशाच्या बाईच्या तोंडी? मी लेखकाला म्हटलं, “ती काय करायली, असं लिहा. मी यायलो, ती जायली, असं बोलतात आमच्याकडं.” तो म्हणाला, “मॅडम, गावाकडचं म्हणजे असंच ऐकायची लोकांना सवय आहे. तुमचं लोकांना चुकीचं वाटेल.” तासभर वाद. शेवटी मी एक सीन तसा करून घेतला. शूटला उभी होते. नटी पुण्याची, तिनं चार वेळा घोकलं आणि म्हणून टाकलं, “काय करायलीस गं तिथं अंधारात?” लाइटवाल्यांतला एक पोरगा स्टँड धरून उभा होता, तो हसला. भूमचा निघाला. म्हणाला, “आमची माय अशीच वरडती.” 

रेटिंगवर काडीचाही फरक पडला नाही, हेही सांगून ठेवते. पण त्या सासूचे संवाद पुढं सगळे माझ्याकडून तपासून जायला लागले, आणि वर्षभरानं गावची दुसरी मालिका आली तेव्हा ती आपोआप माझ्याकडं आली.

तेव्हा ती “ओटीत काय घालतात” असं विचारून फोन ठेवते ना, ते तुम्ही मनाला लावून घेऊ नका. समोर मीटिंगमध्ये सहा जण बसलेले असतात आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नसतं. तुम्ही चॅनलसाठी बिनपगारी काम करताय. पुढच्या वेळी उत्तर द्या आणि वर विचारा, “कोणत्या सीनला लागतंय?” बघा किती वेळ बोलते ते.

बायकांचं या क्षेत्रात नवीन काही नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्या काळापासून सुहासिनी मुळगावकरांसारख्या निर्मात्या तिथं कार्यक्रम उभे करत होत्या. तुमच्या-माझ्या पिढीला आठवेल ते नंतरचं. कलर्स हे हिंदी चॅनल २१ जुलै २००८ ला सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रोग्रामिंग हेड होत्या अश्विनी यार्दी. नवं कोरं चॅनल, समोर मुरलेली मोठी चॅनलं, आणि पहिल्याच दिवसापासून लावली काय तर ‘बालिका वधू’. बालविवाहाची गोष्ट, नायिका एक लहान मुलगी. असले निर्णय चुकले तर नोकरी जाते, जमले तर देश बघतो. आपल्या भागात कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबांतल्या पोरी पंधराव्या-सोळाव्या वर्षी उजवल्या जातात, त्या तुम्ही अंगणवाडीत गरोदर म्हणून नोंदवता. ती गोष्ट घराघरात जाते की नाही, हे कुठल्यातरी ऑफिसात एका बाईच्या होकारावर ठरलेलं असू शकतं.

विलायतेतली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. व्हेरिटी लँबर्ट नावाची बाई. टीव्हीत शिरली ती सेक्रेटरी म्हणून, टायपिंग करत. पहिल्या ठिकाणाहून सहा महिन्यांत काढूनही टाकलं. पुढं दुसऱ्या कंपनीत प्रॉडक्शन असिस्टंट झाली. ३० नोव्हेंबर १९५८ ला एक नाटक टीव्हीवर थेट चालू होतं, आणि मध्येच एक नट कॅमेऱ्याच्या मागं कोसळून वारला. थेट प्रक्षेपण, थांबवता येईना. दिग्दर्शक खाली धावला, उरलेल्या नटांना घेऊन पुढचे संवाद जुळवायला लागला. वर कंट्रोल रूममध्ये कॅमेरे सांभाळायला उरली ही असिस्टंट. तिनं ते सांभाळलं. पाच वर्षांनी बीबीसीनं तिला ‘डॉक्टर हू’ नावाच्या नव्या मालिकेची निर्माती केलं. वय २७, आणि त्या ड्रामा विभागात तेव्हा दुसरी बाई निर्माती नव्हती. ती मालिका आजही निघते. मला या गोष्टीतली ती कंट्रोल रूम आवडते. पडद्यावर ती कुठंच दिसली नाही.

आता वाईट बाजू. ती मी लपवली तर तुम्ही पुढच्या वर्षी मला सहा पानी शिव्या लिहाल.

या धंद्यात माणसं सारखी बदलली जातात. चॅनलचा बिझनेस हेड बदलला की तो आपली माणसं आणतो. चांगल्या चालत्या मालिकेवरून ईपी उठवली जाते आणि कारण सांगत नाहीत. त्यात दारंही कमी व्हायला लागलीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्ने स्टार आणि व्हायकॉम १८ एक झाले, म्हणजे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी ही काल एकमेकांशी भांडणारी दोन चॅनलं आज एकाच घरात आहेत. झी आणि सोनीचंही लग्न ठरलं होतं, ते जानेवारी २०२४ मध्ये मोडलं. पूर्वी एका ठिकाणी नाही पटलं तर ईपी रस्ता ओलांडून समोर जायची. आता समोरचा दरवाजा त्याच वाड्यात उघडतो.

चाळिशीचं तुम्ही बरोबर विचारलंत. मधल्या फळीत बायाच बाया आहेत. माझ्या शेवटच्या टीममध्ये अकरा ईपी होत्या, त्यातल्या नऊ बाया. वर जाल तसं टेबलाभोवती शर्ट वाढतात. मधल्या बाया जातात कुठं? बहुतेक जणी पस्तिशीच्या आसपास गळतात, आणि त्यातल्या फार थोड्या काम येत नव्हतं म्हणून गळतात. माझं बाळ झालं तेव्हा मी रजेवर गेले, परत आले तर माझी मालिका दुसऱ्याच्या टेबलावर. पगार तोच, पदही तेच, काम फक्त नव्हतं. चार महिने मी रिकाम्या मीटिंगांना बसले. चॅनलचं नाव सांगत नाही, आणि त्यानं काही फरकही पडत नाही. चूक माझीही होती. परत आल्यावर मला काय मिळेल, हे मी जाण्याआधी लिहून घ्यायला हवं होतं. मला ते मागायची लाज वाटली.

म्हणून लेकीला “सोड” किंवा “धर” सांगण्याआधी तिच्याशी एकदा नीट बसून बोला. पुढच्या वेळी ती आली की, नाहीतर तुम्हीच जा मुंबईला, लातूरहून रात्रीची रेल्वे आहे. एकदा तिच्या ऑफिसात जा. सेटवरही न्यायला सांगा. तुम्हाला सेट बघून हसू येईल, वाड्याला मागची भिंतच नसते.

विचारायचं काय? ती चॅनलच्या रोलवर, म्हणजे थेट त्यांच्या पगारपत्रकावर आहे, की कुणा एजन्सीच्या कॉन्ट्रॅक्टवर, हे पहिलं. रोलवर असेल तर पीएफ, विमा, रजा सगळं लागू. प्रॉडक्शन हाऊसच्या कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या माणसांचे पैसे या धंद्यात तीन-तीन महिन्यांनी हातात पडतात, त्यात भाडं मुंबईचं. नवी पोस्ट देताना दोन मालिका देणार, तर हाताखाली माणसं किती देणार? एका मालिकेवर एक असोसिएट तरी हवी. नुसतं नाव वाढवून काम दुप्पट करायची या लाईनीत जुनी खोड आहे. तिनं हे ईमेलवर विचारावं आणि उत्तरही ईमेलवर घ्यावं. आज विचारायला जड जाईल, पण पोस्ट घेतल्यावर तर जीभच उचलत नाही, हे अनुभवानं सांगते.

रात्रीचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे की रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची सोय करावी लागते. ती कशानं घरी जाते ते विचारा. ऑफिसच्या गाडीनं जात असेल तर बरं. स्वतः ॲपवर रिक्षा शोधत उभी राहत असेल तर तिनं ते मागून घ्यावं. उपकार नाहीत ते. तसंच दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. समितीत कोण आहे हे तिला पाठ हवं. आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं आहेच. रजेनंतर कोणती मालिका, हे मात्र कायद्यात नाही. ते मी वर सांगितलं तसं लिहून घ्यायचं.

“टीव्ही लाईन” म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काय येतं ते मला ठाऊक आहे. कुठल्याही ऑफिसात असतात तशीच माणसं तिथं असतात, काही देव, काही हलकट, बाकीचे हप्ते भरणारे. तुमच्या सुपरवायझरबद्दल तुम्ही पत्रात जे लिहिलंय (ते मी छापलं नाही) ते वाचून मला तर चॅनलचा बॉस बरा वाटला.

तिला एक मात्र सांगा. सगळं आयुष्य चॅनलच्या भरवशावर ठेवू नको. सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवायचा, मुंबईचा खर्च धरून. लेखकांशी स्वतःचे संबंध ठेवायचे, ते चॅनलबरोबर जात नाहीत. पटकथा वाचता येते तर लिहूनही बघावी. माझ्या बरोबरीच्या ज्या टिकल्या त्यांतल्या दोघींनी स्वतःच्या छोट्या प्रॉडक्शन कंपन्या काढल्या, एक वेब मालिकांत गेली, एक शिकवते. चॅनलच्या खुर्चीत साठी गाठलेली मला तरी कुणी भेटली नाही. पण तिथं दहा वर्षं घालवलेल्या बाईला गोष्ट कुठं लंगडते ते झोपेतही कळतं, आणि हे कळणारी माणसं लागतातच.

बी.एड.बद्दल थोडंसंच. शिक्षकी वाईट नाही, माझी थोरली बहीण निवृत्त झाली त्यातून. पण “संस्थेत चिकटवू” या दोन शब्दांमागं किती लाख असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आणि जी पोरगी लातूरच्या क्लासमधून, ९४ टक्के हातात असताना, अख्ख्या गल्लीचं ऐकून न घेता निघाली, ती वयाच्या तिशीत संस्थाचालकाच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसेल? तुम्ही तिची आई, तुम्हीच सांगा.

राहिलं स्थळ. माणसं चांगली आहेत म्हणता, मग सरळ नाही म्हणू नका. पण अट त्यांनी घातलीय ती न बघता घातलीय. तुम्हालाच सहा वर्षांत कळालं नाही ती काय करते, तर त्यांना कुठून कळणार? मुलाला आणि लेकीला बोलू द्या, दोन-तीनदा, मध्ये कुणी नको. तिनं त्याला तिचा आठवडा सांगावा, त्यानं त्याचा. पुण्यातल्या इंजिनिअरांच्याही रात्रीच्या शिफ्ट असतात, तेव्हा “रात्रीची नोकरी नको” असं तो कोणत्या तोंडानं म्हणतो तेही कळेल. लग्नानंतर ती पुण्याला राहील की तो मुंबईला येईल, हे भांडण त्यांचं त्यांना करू द्या. तिची वरची पोस्ट मात्र या बोलण्यासाठी थांबवायची नाही. हो म्हणायची मुदत चॅनल देतं ती चार-आठ दिवसांची, आणि स्थळाचं बोलणं आपल्याकडं दोन सण ओलांडतं.

आणि पहिला फोन त्याला गुरुवारी करायला सांगा. मुद्दाम. संध्याकाळी सातनंतर, आकडे येऊन गेल्यावर, मीटिंग संपल्यावर. ती कशी बोलते ते त्याला कळेल. तो काय विचारतो ते ती तुम्हाला शुक्रवारी सांगेलच, आणि मग मलाही कळवा. यावेळी चार पानांत.